उत्तर: हवाबंद डब्यात कार्डस्टॉक वाकला, ठिपके आले

नमस्कार ताई,

तुमच्या मुख्य तक्रारी तीन आहेत. आमच्याकडून नेलेल्या हवाबंद डब्यात महिन्याभरात कार्डस्टॉक, म्हणजे जाड कार्डाचा कागद, वाकला आणि त्यावर पांढरे ठिपके आले. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांचा काही उपयोग झाला नाही. आणि उरलेल्या तुकड्यांत हवं ते कधीच सापडत नाही. डबा रत्नागिरीत, ऐन जुलैत भरला हेही तुम्ही लिहिलंत, ते बरं झालं. पहिल्या दोन्ही तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

हवाबंद डबा बाहेरची ओल आत येऊ देत नाही, तशी आतली बाहेरही जाऊ देत नाही. कोरड्या हवेत कागदात वजनाच्या ५-६ टक्के पाणी असतं. कोकणातल्या पावसाळ्यात चार दिवस उघडा पडला की ते १०-११ टक्क्यांवर जातं. या डब्यात साधारण २ किलो कागद बसतो, म्हणजे झाकण लावताना सुमारे १०० ग्रॅम जास्तीचं पाणी आत कोंडलं गेलं. ५ ग्रॅमची पुडी फार तर सव्वा-दीड ग्रॅम पाणी धरते. कोरडा भरलेला कागद कोरडा ठेवायला ती पुरते. दमट कागद सुकवणं तिच्या आवाक्यातलं नाही.

म्हणून आता आधी सगळा कागद बाहेर काढा. एसी असेल तर ड्राय मोडवर, कागद पातळ थरांत पसरून ७-८ तास ठेवा. पंख्याखाली ठेवून भागत नाही, कारण पंखा तीच दमट हवा फिरवतो. एसी नसेल तर ४०० ते ५०० ग्रॅम नारंगी सिलिका जेल सुती पिशवीत भरून कागदासोबत डब्यात ठेवा. दाणे हिरवट झाले की ओटीजीमध्ये (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) ११०-१२० अंश सेल्सिअसवर दोन तास तापवा, पुन्हा नारंगी होतील. त्यासाठी वापरलेला ट्रे परत स्वयंपाकात घेऊ नका. निळे दाणे मात्र घरात तापवू नयेत, त्यांत कोबाल्टचा क्षार असतो.

पांढरे ठिपके बोटाने पुसले जात असतील तर ती बुरशी आहे. एखाददुसरा ठिपका असेल तर कागद पूर्ण सुकल्यावर, घराबाहेर, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झटका. ज्यावर जाळं धरलंय तो कागद टाकून द्या, वाचवत बसू नका. डबा साबणाने धुवून पूर्ण कोरडा करा.

वाक काढायचा तोही सुकल्यावरच. दमट कागदावर वजन ठेवलं तर बुरशीला आयतं घर मिळतं. कागदाचे तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात, त्यामुळे कागद तंतूंच्या दिशेभोवती वळतो. दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने सहज वाकतो, त्या वाकाची घडी जिकडे पडेल ती तंतूंची दिशा. सगळे कागद एकाच दिशेने लावून दोन सपाट फळ्यांमध्ये दोन दिवस दाबून ठेवा. २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या) वरचा कार्डस्टॉक डब्यात उभा चालतो, पण कप्पा गच्च भरलेला हवा. सैल राहिला की पोटातून झुकतो. पतंगी, क्रेप आणि घोटीव कागद आडवेच ठेवा.

आता तुकडे. तुम्ही ते रंगांप्रमाणे लावलेत, आणि न सापडण्याचं कारण तेच आहे. हातात साचा किंवा पंच असतो तेव्हा आपण आधी माप शोधतो, रंग नंतर. ए-५ म्हणजे १४८ × २१० मिमी किंवा त्याहून मोठे तुकडे मूळ कागदांसोबत ठेवा. त्याहून लहान पण व्हिजिटिंग कार्डाहून मोठे पारदर्शक पाकिटांत, आणि इथे हवे तर रंग वेगळे करा. अरुंद पट्ट्या लांबीप्रमाणे. बाकी बारीक कात्रण एकाच बरणीत; बरणी भरली की निम्मी रिकामी करायची, दुसरी आणायची नाही. त्यातलं साधं कात्रण भिजवून घरच्या घरी हातकागदाचा लगदा होतो. ग्लिटर आणि लॅमिनेटेड तुकडे त्यात घालू नका.

स्टिकर शीट आणि फोम टेप या डब्यात मुळीच नको, उन्हाळ्यात त्यांचा डिंक पाझरतो. वर्तमानपत्राची कात्रणं वेगळी ठेवा, त्यांतलं आम्ल शेजारच्या कागदालाही पिवळं पाडतं. क्विलिंगच्या (गुंडाळून नक्षी करायच्या) पट्ट्यांना रबर बँड लावू नका, कडेला खाच पडते. कागदाचीच पट्टी गुंडाळा.

१२ इंची शीट यात बसत नाहीत असंही तुम्ही लिहिलंय. हा डबा ए-४ चा आहे, तसं झाकणावर छापलंय. मोठा हवा असेल तर हा बिलासह आणा, फरकाची रक्कम घेऊन बदलून देऊ. झाकणाची रबरी कड आणि चारही कड्या तुमच्यासमोर तपासू. त्यांत दोष निघाला तर डब्याचे पूर्ण पैसे परत.