गुलमर्गच्या जंगलात तुम्हाला का नेलं नाही

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला, मग त्या दिवशीच्या गाइडशी फोनवर सविस्तर बोललो, म्हणून उत्तराला चार दिवस लागले. 'झाडांमधून स्कीइंग सांगून पैसे घेतले आणि दिवसभर एकाच उतारावर घसरायला लावलं. आम्ही बापलेक दर रविवारी सिंहगड चढतो, तरी नवशिक्यांसारखं वागवलं,' अशी तुमची तक्रार आहे.

आधी आमची चूक. माहितीपत्रकात चौथ्या दिवसापुढे 'सकाळी ग्रूम्ड रन, दुपारी जंगलातून स्कीइंग' एवढंच छापलं होतं. (ग्रूम्ड रन म्हणजे यंत्राने बर्फ दाबून तयार केलेला उतार.) गाइडने तयारी बघून ठरवायचं असतं, हे त्यात कुठेच नव्हतं. पुण्यात बसून ते वाचणारा माणूस दुपारचं जंगल ठरलेलंच धरणार. तुम्ही तेच केलंत, आणि त्यात तुमचं काहीही चुकलं नाही. मनापासून माफी मागतो.

गाइडने तुम्हाला झाडांत जाऊ दिलं नाही, त्या निर्णयाबद्दल मात्र माफी मागणार नाही. तिथल्या फरच्या झाडांच्या पसरट फांद्या पडणारा बर्फ वरच झेलतात. त्यामुळे बुंध्याभोवती तो दाबून बसत नाही, भुसभुशीत खळगा तयार होतो आणि वरून तो दिसतही नाही. त्यात माणूस बऱ्याचदा डोक्यावर पडतो, पाय स्कीसकट वर अडकतात, आणि सुटण्यासाठी जितकी धडपड करावी तितका आजूबाजूचा बर्फ अंगावर येतो. जोडीदार हाकेच्या अंतरावर नसेल तर श्वास कोंडायला फार वेळ लागत नाही. म्हणूनच जंगलात जाणारे जोडीने जातात, गळ्यात शिट्टी ठेवतात आणि काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून टाकतात.

सिंहगड चढायला लागणारा दम तुम्हा दोघांकडे आहे, हे गाइडनेही सांगितलं. पण झाडांत उतरताना हवं तिथे थांबता यावं लागतं. सकाळी तो खूण करून 'इथे थांबा' म्हणत होता, ते याचसाठी. डावीकडे वळून तुम्ही दोघंही नेमके थांबत होता. उजवीकडे वळताना चिरंजीव दर वेळी तीन-चार मीटर पुढे जात होते. मोकळ्या उतारावर तेवढ्याने काही बिघडत नाही. गुलमर्गखालच्या बाबा रेशी दर्ग्याकडे उतरणाऱ्या जंगलात तेवढ्या अंतरात झाड असतं. मलाही एकोणीस वर्षांचा मुलगा आहे सर, त्यालाही मी त्या दिवशी पाठवलं नसतं.

एकाच उताराबद्दल. यंत्र फिरवून दाबलेल्या बर्फावर कॉर्डरॉयच्या कापडासारख्या रेघा उठतात, आणि तिथे स्कीची कड नीट धरते. आपलं वळण कुठे चुकतं ते तिथे लगेच समजतं. दुपारपर्यंत तो थर खरवडला जातो, म्हणून सकाळी आमची एवढी घाई असते. गुलमर्गला असे उतार मोजकेच आहेत. युरोपातल्या रिसॉर्टचे फोटो बघून आलेल्यांचा विरस होतो, तेव्हा हेही आम्ही पुण्यातच सांगायला हवं होतं.

गंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा, अफरवट डोंगराच्या बाजूला सुमारे 3,950 मीटरवर जाणारा, त्या दिवशी वाऱ्यामुळे बंद होता. त्याच्या तिकिटाचे पैसे आमच्याकडेच अडकून राहिले होते, ते आज सकाळी परत पाठवले. बुटांचा त्रास बहुधा दोन जाड लोकरी मोज्यांमुळे झाला असावा. एकच पातळ, उंच मोजा घालायचा असतो, आणि ही सूचना आता सामानाच्या यादीत घातली आहे.

चौथ्या दिवसाच्या गाइडच्या फीपैकी अर्धी रक्कम बुधवारपर्यंत तुमच्या खात्यात येईल. माहितीपत्रकातली ती ओळ बदलली आहे. गाइडने चिरंजीवांच्या उजव्या वळणाबद्दल पानभर टिपण लिहून दिलं आहे, ते कर्वे रस्त्यावरच्या ऑफिसात तुमच्या नावाने ठेवलंय. आलात तर मी स्वतः समजावून सांगेन.