उघडल्याशिवाय सांगता येत नाही

गाडीच्या मागून धूर येतो आहे, ही बातमी मालकाला सर्वांत शेवटी कळते, कारण धूर मागे असतो आणि मालक पुढे बघून गाडी चालवत असतो. माझ्या 2003 सालच्या मारुती 800 बद्दल ही बातमी आधी सोसायटीच्या वॉचमनला, मग शेजाऱ्यांना, मग मेहुण्यांना आणि अखेरीस, सिग्नलला शेजारी थांबलेल्या एका रिक्षावाल्याने नाकाला रुमाल लावला तेव्हा, मला समजली. पुण्यातल्या रिक्षावाल्याने आपल्या धुराला नाक मुरडावे, यानंतर स्वस्थ बसणे शक्य नव्हते.

धुराच्या रंगावरून इंजिनाचा रोग ओळखता येतो, हे खरे आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जाते आहे, आणि गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर बहुधा हेड गॅस्केटमधून पाणी आत शिरते आहे. अडचण एवढीच की, बघणाऱ्यांचे रंगाबद्दल एकमत होत नाही. वॉचमनच्या मते तो पांढरा होता, मेहुण्यांच्या मते काळा, आणि तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर काका, जे सायलेन्सरमागे उकिडवे बसून धुरासमोर पांढरा रुमाल धरून होते, त्यांनी रुमालावरचा डाग सर्वांना दाखवून धूर निळाच असल्याचे जाहीर केले. डाग काळा होता, पण काकांना तसे सांगण्याची कोणाची छाती झाली नाही. आमच्या सौभाग्यवतींनी या शास्त्रार्थात भाग घेतला नाही. "अहो, रंग कुठलाही असू दे, वास माझ्या साड्यांना येतो," एवढेच त्या म्हणाल्या.

काकांचे निदान मात्र बरोबर होते. गॅरेजमध्ये तिन्ही स्पार्क प्लग काढून एकेका सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, मोजले, तेव्हा पहिल्यात 150, तिसऱ्यात 140 आणि मधल्यात जेमतेम 100 भरले. आमच्या मेकॅनिकने मधल्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडले आणि पुन्हा मोजले, तर काटा थेट 140 वर गेला. व्हॉल्व्ह गळत असते तर ऑइल ओतून फरक पडला नसता. फरक पडला, याचा अर्थ पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या आणि त्या ऑइलने त्यांच्या फटी घटकाभर बुजवल्या होत्या. इतके स्वच्छ, तर्कशुद्ध निदान मला आजवर कोणत्याही दवाखान्यात मिळालेले नाही, म्हणून मी उत्साहाने खर्च विचारला.

"इंजिन उघडल्याशिवाय सांगता येत नाही, साहेब."

या एका वाक्यापाशी सगळे तर्कशास्त्र संपते. नुसत्या रिंगा बदलून भागेल, की बोरिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठे करून, नवे पिस्टन घालावे लागतील, की क्रँकही ग्राइंडिंगला द्यावा लागेल, की एवढ्या खर्चात कुठूनतरी दुसरे इंजिन आणून बसवणे परवडेल, हे उघडल्यावर कळणार. आणि एकदा इंजिन उघडून त्याचे भाग तसराळ्यात मांडले गेले की, गाडी ढकलूनसुद्धा दुसऱ्या गॅरेजात नेता येत नाही. म्हणजे निर्णय घेण्यासाठी लागणारी माहिती निर्णय घेतल्यानंतरच मिळते. विवाहसंस्थेशी असलेले हे साम्य मी घरी बोलून दाखवले नाही.

मेहुण्यांचा पक्ष असा की, जिची बाजारात किंमत पंचेचाळीस हजार आहे, त्या गाडीच्या इंजिनावर अंदाजे तीस हजार घालणे हा शुद्ध वेडेपणा आहे. हिशेब बिनतोड होता, परंतु मेहुणे स्वतः दरमहा अकरा हजारांचा हप्ता भरतात आणि त्यांना आणखी साडेचार वर्षे भरायचा आहे, हे लक्षात घेता त्यांच्या हिशेबातही कुठेतरी गळती असावी असे मला वाटले. शिवाय 2023 साली मी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले होते. पूर्वी 600 रुपयांत होणाऱ्या या कामाचे शुल्क एप्रिल 2022 पासून 5000 झाले होते, आणि पर्यावरण कर वेगळा. एवढे पैसे भरून 2028 पर्यंत रस्त्यावर राहण्याचा परवाना मिळवलेली गाडी 2028 च्या आत भंगारात घालणे माझ्या संस्कारांत बसत नव्हते.

तरीही इंजिन बदलण्याचा पर्याय डावलला असे कोणी म्हणू नये, म्हणून नाना पेठेत विचारपूस करून शेवटी मी कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन आलो. तेथे एका गाळ्यात मारुतीची इंजिने टायरांवर ओळीने बसवलेली होती आणि प्रत्येकाच्या तोंडात चिंधी कोंबलेली होती. "एकदम रनिंग कंडिशन, फक्त चाळीस हजार किलोमीटर चाललंय," असे सांगत विक्रेत्याने एकावर थाप मारली. हे चाळीस हजार कोणी मोजले, हे मला कळेना, कारण मोजणारा मीटर डॅशबोर्डमध्ये असतो आणि डॅशबोर्ड तीन गाळे पलीकडे वेगळे विकायला टांगलेले होते. त्याने मला ओम्नीचे इंजिनही देऊ केले. ओम्नीतही 796 सीसीचे तेच तीन सिलिंडरचे इंजिन असे, हे खरे. पण तिच्यात ते गाडीच्या लांबीत उभे बसते आणि मागची चाके फिरवते, माझ्या गाडीत ते रुंदीत आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते. हा तपशील मी पुढे ठेवला, तेव्हा तो म्हणाला, "बसतं हो, बसवणारा पाहिजे." त्याशिवाय आरसीवर चासी क्रमांकाबरोबर इंजिन क्रमांकही छापलेला असतो, म्हणजे इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी काढून नोंद बदलून घेणे आले. आरटीओचे नाव निघताच माझ्या जुन्या इंजिनाबद्दलचे माझे प्रेम एकदम उफाळून आले.

इंजिन उघडले. मेकॅनिकने मला जवळ बोलावून बोटाचे नख मधल्या सिलिंडरच्या आतून वर सरकवायला सांगितले. वरच्या कडेपाशी नख चक्क अडकले. पिस्टनची रिंग ज्या उंचीपर्यंत पोहोचते तिथपर्यंतचे बीड वीस वर्षांत झिजले होते, त्याच्या वरची चिंचोळी पट्टी मात्र कारखान्यातून आली तशीच होती, आणि दोहोंच्या मध्ये ती पायरी तयार झाली होती. अशा बोरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे, हे मला पटले. निदान माझ्या नखाला पटले. बोरिंग ठरले.

यानंतर जे घडते त्याला गॅरेजच्या भाषेत 'उघडलंच आहे तर' म्हणतात. उघडलंच आहे तर टायमिंग बेल्ट बदलून घेऊ. उघडलंच आहे तर वॉटर पंप, ऑइल सील आणि क्लच प्लेटही बघू, कारण नंतर त्यासाठी पुन्हा सगळे उतरवावे लागेल आणि मजुरी दुप्पट पडेल. यातले प्रत्येक वाक्य योग्य असते, आणि म्हणूनच त्याला विरोध करता येत नाही. तीस हजारांचे अडतीस कधी झाले, ते मला दाखवता येणार नाही.

लेथवाल्याने तिन्ही सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठे करून दिले. काकांनी लगेच कागद घेतला. मूळ बोर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 68.5 मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 72, सिलिंडर तीन. बोर 69 केल्यावर इंजिन 796 वरून जवळजवळ 808 सीसीचे झाले, असे त्यांनी मला अभिनंदनाच्या सुरात सांगितले. माझ्या वयात फुकट वाढलेल्या बारा सीसींचे मलाही कौतुक वाटले. मग आरशासारखा गुळगुळीत झालेला तो बोर लेथवाल्याने होनिंग करून पुन्हा फुलीफुलीच्या बारीक चरांनी ओरखडला. त्या चरांत ऑइल टिकते आणि नव्या रिंगा नीट बसतात, हे त्याचे कारण. गुळगुळीत करण्याचे आणि ओरखडण्याचे, असे दोन्हीचे पैसे त्याने वेगवेगळे लावले.

पहिले हजार किलोमीटर गाडी हळू चालवा, असे बजावून मेकॅनिकने किल्ली दिली. कर्वे रस्त्यावर हा नियम पाळायला विशेष प्रयत्न करावे लागत नाहीत. सिंहगड रस्त्याला मात्र मागच्या डंपरला आपल्या रिंगा बसायच्या आहेत हे कसे कळवावे, हा प्रश्न होता. काकांनी मागच्या काचेवर चिठ्ठी लावण्याचे सुचवले, सौभाग्यवती म्हणाल्या, "चिठ्ठी लावा, पण मी नसताना."

धूर थांबला, ऑइल डिपस्टिकवर जागच्या जागी राहू लागले, आणि इंजिनाचा आवाज इतका सुधारला की, आता चांगल्या स्थितीत विकून टाकावी असा विचार मेहुण्यांनी माझ्या डोक्यात सोडला. जुन्या गाड्यांचा एक दलाल त्यांनीच आणला. त्याने बॉनेट उघडून कान लावला, ॲक्सिलरेटर दाबून मागे धूर येतो का ते पाहिले, फारच समाधानाने मान हलवली आणि विचारले, "इंजिन खोललंय का?"

मी अभिमानाने हो म्हणालो, बिले काढून दाखवली, 808 सीसीचाही उल्लेख केला.

"मग पस्तीस," तो म्हणाला. "न खोललेली असती तर पंचेचाळीस दिले असते."