‘जुना चालेल, पण आय-७च घ्या’ म्हणणाऱ्या काकांना

कोथरूडच्या ताईच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांचा मेसेज आला : ‘स्वस्त प्रोसेसर म्हणजे निव्वळ जाहिरातबाजी. आय-३, सेलेरॉन सगळं भंगार. जुना चालेल, पण आय-७च घ्या. गिगाहर्ट्झ बघा. नावात एफ असेल तर तो रिजेक्ट माल.’ खाली जोडलेले हात आणि ‘पालकांच्या हितासाठी’. (आय-३, आय-७, सेलेरॉन ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांची नावं.) भाचा यंदा एफईला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. ताई तापकीर गल्लीत जाऊन वापरलेल्या आय-७ लॅपटॉपला हजार रुपये टोकन देऊन आली आणि मग मला फोन केला. आधी टोकन, मग फोन!

‘जुना चालेल’ हे त्यातलं सगळ्यात घातक वाक्य. दुकानदाराकडून मॉडेलचा फोटो मागवला. आय-७चं स्टिकर कोरं करकरीत, कीबोर्डवरची ए आणि एस ही अक्षरं मात्र झिजून गेलेली. आत निघाला आय-७ ४६००यू. सन २०१३, दोन कोअर (काम करणारे मेंदू म्हणा), चार थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं). आता ज्याला भंगार म्हटलंय तो आय-३ १२१५यू बघा : सन २०२२, सहा कोअर, आठ थ्रेड. दोन्ही आकडे इंटेलच्याच साइटवर आहेत, काकांनी एकदा उघडायची तसदी घ्यावी. आय-७ ही त्या त्या बॅचमधली रँक आहे हो, जन्मभराची पदवी नव्हे.

बरं, वेग सोडा. विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी मायक्रोसॉफ्टने दिलीय. इंटेलचे काही मोजके अपवाद सोडले तर ती आठव्या पिढीपासून सुरू होते. ताईचा ४६००यू चौथ्या पिढीचा. आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे पोराला चार वर्षं वापरायला जे मशीन द्यायचं, त्याची मुदत आधीच संपलेली.

गिगाहर्ट्झचं, म्हणजे प्रोसेसरच्या सेकंदाच्या ठोक्यांचं म्हणाल तर सेलेरॉन एन४०२०च्या जाहिरातीत २.८ दिसतं. ते थोडा वेळ मारलेल्या धावेचं. बेस, म्हणजे नेहमीचा वेग, १.१ आहे. आणि वेगवेगळ्या पिढ्यांचे गिगाहर्ट्झ एकमेकांशी लावून काही कळत नाही, कारण एका ठोक्यात किती काम उरकतं तेच बदललेलं असतं.

सेलेरॉनबद्दल मात्र जिवावर येऊन अर्धा मार्क देतो. दोनच कोअर, त्यात चार जीबी रॅम. एका बाजूला मीट आणि दुसऱ्या बाजूला नोट्सची पीडीएफ उघडली की धापा टाकतं. जाहिरातबाजीचा आरोपही खोटा नाही. एएमडी या दुसऱ्या कंपनीचा रायझन ५ ७५२०यू नावावरून ताजा वाटतो, पण आत झेन २, म्हणजे २०१९चं डिझाइन. एएमडीच्याच तक्त्याप्रमाणे त्या मालिकेत तिसरा आकडा आर्किटेक्चरचा, म्हणजे आतल्या रचनेचा. तो वाचायला शिका, झालं. त्यासाठी अख्ख्या आय-३ला कशाला झोडपायचं?

नावातला एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग, बंद. डेस्कटॉपला वेगळं कार्ड लावणार असाल तर आय-३ १२१००एफ खुशाल घ्या. चार कोअर, आठ थ्रेड, २०१७च्या आय-७ ७७०० इतकेच.

टोकन काही परत मिळत नाही. दुकानदार म्हणतो, त्या पैशात लॅपटॉपची बॅग घेऊन जा. ताई म्हणतेय, बॅग बरी आहे.