३८ सेकंद लेट

गेल्या रविवारी शेवटच्या षटकात आमच्या टीव्हीवर गोलंदाज अजून चेंडू पँटवर घासत उभा होता. कर्णधार कुणाला तरी लाँगऑनवरून उठवून डीप मिडविकेटला पाठवत होता. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून नानांची आरोळी आली, "गेऽऽला! गेला, गेला, गेला!" बायकोने माझ्याकडे पाहिलं. चिरंजीव सोफ्यावरून उठले आणि "आता काय बघायचंय त्यात" म्हणत फ्रिजकडे निघाले. गोलंदाज बिचारा अजून घासतच होता.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात कुणालाच रस नाही, घरच्यांना तर मुळीच नाही. मी केबल काढून टाकली आणि टीव्हीच्या पाठीमागे तळहातावर मावेल एवढा मिनी पीसी बसवला. आत इंटेलचा एन१०० प्रोसेसर. चार कोअर, ६ वॅट. स्वयंपाकघरातला दिवा याच्यापेक्षा जास्त वीज खातो. त्यावर 'कोडी' नावाचं, टीव्हीवर सिनेमे-गाणी लावायचं सॉफ्टवेअर टाकलं, ब्राउझर टाकला, मांडीवर घ्यायला बिनवायरचा कीबोर्ड आणला. कोडी मुळात एक्सबॉक्स या खेळायच्या यंत्रासाठी जन्माला आलं आणि २०१४ पर्यंत त्याचं नाव एक्सबीएमसी होतं, हे मी जेवताना सगळ्यांना सांगितलं. कुणी ताटातून मान वर केली नाही. केबलवाल्याचा पोरगा सेट-टॉप बॉक्स न्यायला आला तेव्हा त्याने टीव्हीमागची डबी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि "बॉक्स जपून ठेवतो, काका" एवढंच म्हणाला. त्यातला खवचटपणा मला नंतर कळला.

तर मी खाली गेलो. भांडायला नव्हे, विनंती करायला. डोंबिवलीतल्या जुन्या इमारतींमध्ये भिंत ही खाजगीपणासाठी नसून कॅलेंडर लावायला असते, त्यामुळे वरच्या-खालच्याशी संबंध जपावे लागतात. नानांनी दार उघडलं. अंगात बंडी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घालून रबरबँड लावलेला रिमोट. नाना रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. २०२२ साली रेल्वेने गार्डांना 'ट्रेन मॅनेजर' म्हणायचं ठरवलं, तेव्हा घरबसल्या बढती मिळाली म्हणून दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. नाना भेटेल त्याला "मॅनेजर बँकेत असतो" असं सुनावत फिरले.

"बघितलंस ना? काय मारायला गेला गाढव!"

"नाही ना बघितलं, नाना. आमच्याकडे अजून बॉल टाकलेला नाही."

नाना थबकले. "टाकलेला नाही म्हणजे?"

"आमच्याकडे जरा उशिरा दिसतं. इंटरनेटवरून येतं ना."

"म्हणजे तुझ्याकडे तो अजून खेळतोय?"

"हो."

"नाबाद?"

"नाबाद."

नानांनी आत वळून हाक मारली, "अगं, ऐकलंस का? वरती तो अजून नाबाद आहे!" काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग त्याला सांगा ना, बाहेरच्या बॉलला हात लावू नको म्हणून."

यावर मला काही सुचलं नाही. नानांना मात्र सुचलं. त्यांनी कपाटातून नोकरीतलं घड्याळ काढलं, एक वही घेतली आणि पायजम्यावर शर्ट चढवून वर आले. सरकारी कामाला बंडीवर जायचं नाही, हा त्यांचा नियम. आमच्या हॉलमध्ये खुर्ची टीव्हीसमोर ओढून बसले. मला एक बातम्यांची वाहिनी लावायला सांगितली, ज्यावर कोपऱ्यात सतत वेळ दिसते. फोनवर खाली काकू, त्यांच्यासमोर तीच वाहिनी. "मिनिट बदललं की 'बदललं' म्हण," अशी नानांची आज्ञा. काकूंनी दोनदा दूध उतू जातंय म्हणून फोन सोडला, पण शेवटी आकडा निघाला. ३८ सेकंद. नानांनी तो वहीत लिहिला, खाली रेघ मारली.

"आमच्या वेळी," नाना म्हणाले, "एवढ्यासाठी लेखी खुलासा मागायचे."

"कोणाकडे मागू, नाना?"

हा प्रश्न त्यांना आवडला नाही. जगात जे काही उशिरा धावतं त्याला वर कुणीतरी साहेब असतो, यावर त्यांची श्रद्धा आहे. मी त्यांना कारण समजावून सांगायला बसलो. नानांच्या घरी चित्र येतं ते उपग्रहावरून केबलवाल्याकडे आणि तिथून तारेने. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो, तरी तिथे जाऊन खाली यायला चित्राला पाव सेकंद पुरतो. आमच्याकडे येणारं चित्र आधी काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलं जातं. प्रत्येक तुकड्याच्या लहानमोठ्या प्रती होतात, त्या गावोगावच्या सर्व्हरांवर जाऊन बसतात. मग आमचा पीसी असे दोन-तीन तुकडे आधी स्वतःजवळ साठवतो आणि मगच पहिला दाखवतो, मध्ये अडखळायला नको म्हणून. अवकाशातून पाव सेकंद आणि गल्लीतल्या फायबरमधून अर्धं मिनिट, हा न्याय मला पटत नाही, पण आहे तो असा आहे.

"मालगाडी," नाना म्हणाले. "डबे भरल्याशिवाय सुटत नाही."

मी मान डोलावली. आठवडाभर मला जे घरी नीट सांगता आलं नव्हतं ते यांनी एका वाक्यात उरकलं, याचा थोडा रागही आला. म्हणून जाताजाता मी एक आगाऊपणा केला. "नाना, आता तुमच्या घड्याळाशी तुमचाच टीव्ही ताडून बघा." नाना खाली गेले. दहा मिनिटांनी मी गॅलरीतून डोकावलो तर खाली टीव्ही बंद होता. त्यांची वाहिनीही घड्याळापेक्षा मागे निघाली होती. किती ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. वहीतला तो आकडा त्यांनी माझ्यासमोर हाताने झाकला.

खरं तर हे दुखणं जुनं आहे. २९ जून २०२४ च्या रात्री, डबी नवीन होती तेव्हा, बार्बाडोसमध्ये टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा तो झेल घेतला. अख्ख्या देशाने तो पाहिला. मी तो आधी ऐकला. सगळी डोंबिवली ओरडली, फटाके लागले, आणि आमच्या पडद्यावर हार्दिक पंड्या रनअपच्या टोकाकडे चालत निघाला होता. आयुष्यभर सांगण्यासारखा तो क्षण मी पाहिला, पण उत्तरपत्रिका हातात घेऊन.

यावर उपाय आहे, हे मला माहीत आहे म्हणून जास्त चडफड होते. २००७ च्या कायद्यानुसार भारताचे महत्त्वाचे सामने प्रसार भारतीलाही दाखवायला द्यावे लागतात, आणि ते दूरदर्शनच्या फ्री डिशवर दिसतात. फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत. एकदा छत्री बसवायची, पीसीला यूएसबी ट्यूनर लावायचा, की उपग्रहाचं चित्र थेट त्याच डबीत. मग नाना ओरडोत की न ओरडोत. मी सोसायटीकडे गच्चीवर छत्री लावायचा अर्ज दिला. सेक्रेटरींनी सांगितलं, वॉटरप्रूफिंग झालंय, भोक पाडता येणार नाही. मी म्हटलं, भोक पाडत नाही, विटांवर ठेवतो. ते म्हणाले, विटांना ठराव लागेल. त्याच गच्चीवर सेक्रेटरींच्या स्वतःच्या दोन छत्र्या आहेत, एक तर गंजून आडवी पडलेली. "त्या वॉटरप्रूफिंगच्या आधीच्या," असं उत्तर मिळालं. अर्ज अजून फाइलीत आहे.

लोक विचारतात, मग केबल सोडलीच कशाला. आठवा १ फेब्रुवारी २०१९. त्याआधी केबलवाला महिन्याला एक ठोक रक्कम घ्यायचा आणि त्यात तमिळ भक्तिसंगीतापासून सगळं दिसायचं. मग ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे नियम लागू झाले. जे बघाल त्याचेच पैसे द्या, ग्राहक राजा वगैरे. राजाने आधी १०० वाहिन्यांच्या नुसत्या जोडणीचे १३० रुपये द्यायचे, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. हव्या त्या वाहिन्या त्यानंतर मोजायच्या. त्या सुट्या घेतल्या तर महाग, पॅकमध्ये घेतल्या तर स्वस्त, आणि पॅकमध्ये आईच्या दोन मालिकांच्या वाहिन्यांसोबत लहान मुलांची कार्टुनं आणि अनोळखी चित्रपटांच्या वाहिन्या. या कटकटीला कंटाळून मी डबी आणली. आता पाच वेगवेगळ्या कंपन्यांना पैसे भरतो. पाचांचे पासवर्ड वेगळे, पाचांच्या नूतनीकरणाच्या तारखा वेगळ्या, आणि त्यातल्या दोघांनी पैसे घेऊनही जाहिराती सुरू केल्या आहेत. बेरीज मी केलेली आहे, पण बायको हे वाचेल.

आणि एवढं करून चित्र कसं? टीव्ही फोर-के, पीसी फोर-के काढू शकतो, मी वर्गणीही फोर-केचीच भरतो. पण मी ब्राउझरमधून बघतो म्हणून त्या सेवेला माझ्यावर संशय. चोरी रोखायला प्रमाणित यंत्र लागतं, प्रमाणित ॲप लागतं, पोर्टपासून पडद्यापर्यंत कुलूप लागतं. माझी डबी त्यांच्या यादीत बसत नाही, त्यामुळे नायिकेचा चेहरा वाफेच्या आरशात बघितल्यासारखा. शेजारच्या इमारतीतला एक मुलगा तोच सिनेमा टेलिग्रामवरून फुकट उतरवतो आणि नायिकेच्या पापण्या मोजतो. चोराला स्वच्छ काच आणि पैसे भरणाऱ्याची झडती, याचा मला खरोखर राग येतो. यात विनोद करायचं आता जिवावर येतं.

असो. नानांकडे वळू.

नाना माणूस सरळ. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले आणि म्हणाले, "मी विचार केला. मी ३८ सेकंद थांबून ओरडतो." मी म्हटलं, एवढे कष्ट कशाला. ते म्हणाले, "सिग्नल पाळायची सवय आहे मला." काल सामना होता. आम्ही सगळे सावरून बसलो. पहिली विकेट पडली असावी, कारण खाली एकदम सन्नाटा पसरला. इतका सन्नाटा नानांच्या घरात एरवी पहाटे तीनलाही नसतो. चिरंजीव म्हणाले, "गेला वाटतं कोणीतरी." खाली खुर्ची करकरली. नानांचा दाबून धरलेला खोकला आला. काकूंचा या तहाशी संबंध नसल्याने त्यांनी टाळ्या वाजवल्या. नाना त्यांच्यावर खेकसले, "अगं, सेकंद मोजतोय मी!" हे सगळं आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. मग मधल्या काळात पुढच्या चेंडूवर षटकार बसला, तो नानांना ओरडून घ्यायचा होता, पण आधीची विकेट अजून प्रलंबित. त्यांनी दोन्ही एकदम सोडून दिलं. आमच्याकडे त्याच वेळी डबीने मध्येच गोल चक्र फिरवलं आणि आम्ही ३८ वरून कितीतरी मागे पडलो. शेवटी कोण आउट झालं आणि कोणी मारला, हे आम्हाला टीव्ही आणि नाना दोघांकडूनही कळेना. चिरंजीवांनी मोबाइलवर धावफलक उघडला.

सामना संपल्यावर नाना वर आले. घामाघूम. "जमत नाही रे," म्हणाले. "थांबून ओरडलं की ओरडल्यासारखं वाटत नाही."

मी त्यांना पाणी दिलं. आई बाजूला कीबोर्ड मांडीवर घेऊन बसली होती. तिने स्पेसबारवर लाल टिकली लावली आहे, थांबवायला, आणि एंटरवर हिरवी, चालू करायला. बाकीच्या कळा जगात कशासाठी आहेत याची ती चौकशी करत नाही. पहिले काही दिवस ती "एकशे बारा लाव" म्हणायची आणि डबीत नंबर नसतात हे कळल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. मग तिला एक शोध लागला. वर्गणी भरणाऱ्यांना मालिकेचा भाग टीव्हीवर लागायच्या आधीच बघायला मिळतो. तेव्हापासून तिची माझ्याबद्दल तक्रार नाही.

नाना पाणी पिऊन झाल्यावरही उठेनात. ग्लास फिरवत म्हणाले, "वहिनी, एक सांगायचं होतं. तुम्ही सकाळी भाजी निवडताना हिला पुढचं सगळं सांगता. संध्याकाळी ती टीव्हीसमोर बसते आणि प्रत्येक माणूस आत आला की म्हणते, आता हा खोटं बोलणार. मला एक मालिका धड बघता येत नाही."

"मग किती वेळ थांबू?" आईने विचारलं.

नानांनी खिशातून वही काढली. "रात्री साडेआठपर्यंत."

आईने हिरव्या टिकलीवर बोट ठेवलं. "बरं. पण ती दवाखान्यातून घरी आलीय तेवढं आत्ताच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही उगाच काळजी करत बसाल."