कुत्र्याच्या गाठीला दोरा बांधू नका

कुत्री पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरतो. अंगावर चामखीळ किंवा गाठ दिसली की मुळाशी दोरा आवळा, वर चुना-पापडखार लावा, आठवड्यात गळून पडेल. दाबून दुखत नसेल तर काळजी नको. डॉक्टरांकडे नेऊ नका, ते सुई टोचतात आणि मग कॅन्सर पसरतो. शिवाय थुजा हे होमिओपॅथीचं औषध द्या, हमखास गुण येतो. हा सल्ला वाचून लोक खरंच दोरा बांधतात, म्हणून हे लिहिते आहे.

मुळात ती चामखीळ आहे का? नर कुत्र्यालाही पोटावर दोन ओळींत स्तनाग्रं असतात. चामखीळ समजून ती ओढणारे लोक आहेत. रक्त पिऊन टम्म झालेली गोचीडही करड्या चामखिळीसारखीच दिसते. केस बाजूला सारून मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघा, कातडीलगत बारीक पाय दिसले तर ती गोचीड.

खरीच गाठ असेल, तर दोऱ्याने तिचं रक्त तुटतं आणि ती जिवंत अंगावर सडते. कुत्रा चाटत राहतो, माशा बसतात. पावसाळ्यात अशा जखमेत अळ्या पडायला वेळ लागत नाही. चुन्याने कातडी भाजते आणि चाटल्यावर तोंडही भाजतं. माणसांची मलमं तर त्याहून वाईट. फ्लोरोयुरॅसिल या कॅन्सरवरच्या औषधाचं मलम चाटून कुत्री दगावतात. आणि गळलेला तुकडा केरात गेला की ती गाठ कसली होती हे कधीच कळत नाही. मूळ मात्र आत राहिलेलं असू शकतं.

‘दुखत नाही’ या निकषाला काही अर्थ नाही. कॅन्सरच्या कितीतरी गाठी सुरुवातीला दुखत नाहीत. कुत्र्यांच्या कातडीत सर्वाधिक आढळणारा कॅन्सर म्हणजे मास्ट सेल ट्यूमर. बॉक्सर, पग, लॅब्राडोर यांच्यात तो जास्त, पण गावठी कुत्र्यालाही होतो. तो कधी किडा चावल्यासारखा दिसतो, कधी चामखिळीसारखा, तर कधी चरबीच्या मऊ गाठीसारखा. चोळला-दाबला की त्यातून हिस्टामिन हे सूज आणणारं रसायन सुटतं आणि गाठ सुजते. मग सूज उतरते आणि घरच्यांना वाटतं, बरी होतेय. दोरा आवळायला ही सर्वांत वाईट गाठ, कारण सुटलेल्या हिस्टामिनने उलट्या होतात, पोटात व्रण पडतात, रक्तदाबही कोसळू शकतो.

सुईची भीती मला समजते, कारण सुईनंतर कॅन्सर निघालेली कुत्री लोकांनी पाहिलेली असतात. पण तो सुईने आलेला नसतो, सुईमुळे कळलेला असतो. नेहमीच्या इंजेक्शनची बारीक सुई गाठीत घालून थोड्या पेशी ओढतात, काचेवर पसरून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बहुतेकदा भूल लागत नाही. सुईच्या वाटेने कॅन्सर पसरणं अतिशय दुर्मीळ आहे. मूत्राशयातल्या काही गाठींबाबत डॉक्टर ती काळजी घेतात. अंगावरच्या गाठीसाठी तपासणी टाळण्याचं ते कारण नव्हे.

थुजाचं म्हणाल, तर तरुण कुत्र्यांच्या ओठांवर, हिरड्यांवर फुलकोबीसारखे मस येतात, ते पॅपिलोमा विषाणूचे. बहुतेक वेळा ते काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपसूक जातात. थेंब द्या किंवा देऊ नका. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच वेळ. हे मस माणसाला लागत नाहीत, दुसऱ्या कुत्र्याला लागतात. तेवढे दिवस पाण्याची भांडी वेगळी ठेवा.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांसाठी एक गोष्ट: जननेंद्रियाजवळ लालभडक, रक्त गळणारी गाठ दिसली तर ती बहुधा समागमातून पसरणारा ट्यूमर असतो. व्हिनक्रिस्टिन या केमोथेरपीच्या औषधाच्या, आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. त्याला दोरा बांधणं निव्वळ क्रौर्य आहे.

वाटाण्याएवढी गाठ महिनाभर टिकली, किंवा वाढायला, रक्ताळायला लागली, की तपासून घ्या. शेजारी नाणं ठेवून तारखेसह फोटो काढा. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. शस्त्रक्रिया झालीच तर काढलेली गाठ फेकू देऊ नका, फॉर्मॅलिनमध्ये (गाठ टिकवणाऱ्या द्रावणात) घालून हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, पाठवायला सांगा. कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी आहेत की नाहीत, हे त्याच अहवालात कळतं.