अंगणवाडीच्या ताईंना मोबाईल येत नाही म्हणणाऱ्यांसाठी

परवा एका मीटिंगमध्ये एक साहेब सरळ म्हणाले, सेविकांकडे स्किलच नाहीये, म्हणून पोषण ट्रॅकरची, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदी भरायच्या सरकारी मोबाईल ॲपची, कामं पेंडिंग राहतात. तेव्हा मी गप्प बसले पण डोक्यातून ते जाईना, म्हणून लिहितेय. मी पर्यवेक्षिका आहे, या बायकांना रोज बघते.

पोषण ट्रॅकर आलं मार्च २०२१ मध्ये. सुरुवातीला ॲप इंग्रजीत, हातातले फोन दोन वर्षं जुने आणि २ जीबी रॅमचे, ॲप उघडलं की फोन तापायचा आणि हँग व्हायचा. त्याच वर्षी राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन ऑफिसात नेऊन परत केले होते, आठवत असेल. तेव्हाही लोक म्हणाले की बायकांना नवीन काही शिकायलाच नको. अहो, चालणारा फोन आणि मराठीतलं ॲप मागत होत्या त्या!

आणि आता जुलै २०२५ पासून गरोदर बाईला किंवा बाळाच्या आईला घरी न्यायचा आहार द्यायचा तर आधी तिची ई-केवायसी करा, मग तिचा चेहरा कॅप्चर करा. ई-केवायसीचा ओटीपी जातो आधारला लिंक असलेल्या नंबरवर, तो नंबर बऱ्याचदा तिच्या नवऱ्याचा, आणि नवरा असतो कंपनीत शिफ्टला, फोन लॉकरमध्ये. मग सेविका सुट्टीची वेळ विचारून घेते, तेव्हा फोन लावते, पलीकडून "ओटीपी कुणाला सांगू नका म्हणतात ना ताई, मग तुम्ही कशाला मागताय" असं आलं की त्याला न चिडता नीट समजावते, बायकोशी बोलणं करून देते, तेवढ्यात ओटीपीची वेळ संपते, परत सगळं पहिल्यापासून. हे स्किल नाही तर काय आहे सांगा? ॲपमध्ये याला कुठे रकानाच नाहीये.

माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांमध्ये, एक ताई आहेत, वय ५४, शिक्षण दहावी. ट्रेनिंगला शिकवणाऱ्यांनी पीपीटी भराभर पुढे सरकवली, त्यांनी एक शंका विचारली तर "एवढं पण येत नाही का" म्हणून सगळ्यांसमोर बोलले, त्यानंतर त्यांनी तोंडच उघडलं नाही. खरं सांगते, मी पण आधी घाईघाईत त्यांच्या हातातून फोन घेऊन स्वतःच भरून टाकायचे, आणि ते चुकलंच माझं, कारण त्यातून त्या काहीच शिकत नव्हत्या, उलट फोनला हात लावायला घाबरायला लागल्या.

शेवटी त्यांना शिकवलं शेजारच्या गावच्या सेविकेने. अंगणवाडी सुटली की ती येऊन बाजूला बसायची, फोन ताईंच्याच हातात, ही नुसती सांगणार, चुकलं तर चुकू देणार. ताईंनी एक दोनशे पानी वही केलीय, त्यात प्रत्येक स्क्रीन पेन्सिलने काढलीय, कुठलं बटण आधी दाबायचं, नेट गेलं तर काय करायचं, फोटो घेताना आईला डोळ्यांची उघडझाप कधी करायला सांगायची, सगळं स्वतःच्या शब्दात. दीड महिन्यात त्यांच्या अंगणवाडीचं काम वेळेत व्हायला लागलं.

म्हणून मी ऑफिसला लेखी मागणी केलीय की मासिक मीटिंगचा एक तास फक्त यासाठी द्या, सेविकांनी सेविकांना शिकवायचं, साहेब लोकांनी मागे बसून ऐकायचं. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर वहीच्या वीस झेरॉक्स काढल्यात, सोमवारपासून वाटतेय.