निपाणीकरांना उत्तर: पोट कुणाचं भरलं होतं?

‘परिस्थिती बघून स्वप्न लहान करू नये’ या माझ्या मागच्या लेखावर (त्यात गायक कुमार गंधर्व आणि खेळाडू मालप्रभा जाधव यांची उदाहरणं होती) ‘निपाणीकर’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कुमार गंधर्व लहानपणीच नावाजले गेले, मग त्यांची सुरुवात खडतर कशी? क्षयातून ते वाचले ते औषधाने, जिद्दीने नव्हे. जे हरले त्यांचं नाव कुणी घेत नाही, त्यांचीही यादी द्या. आणि एकाच्या स्वप्नाची झळ घरातल्या दुसऱ्याला बसते, त्याचा लेखात पत्ता नाही. शिवाय लेख लांबला. शेवटी हे वाक्य: ‘बाई, हे सगळे पोट भरलेल्यांचे चोचले. मागावर बसून बघा एकदा.’

निपाणीकर, मतभेदाचं मला वावडं नाही. पण ही बोलायची कुठली रीत? आमच्याकडे भांडायला आलेला माणूससुद्धा आधी ‘अक्का’ म्हणतो, मग काय ते बोलतो. मी इथे नाव-फोटोसकट लिहिते. तुम्ही गावाच्या नावाआड बसून दुसऱ्याच्या पोटाची चौकशी करता.

मागावर बसून बघा म्हणे! मी वडगावची आहे हो. बेळगावात वडगाव, खासबाग, शहापूर म्हटलं की माग आलेच. आमच्या पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत आम्ही. सूत सावकाराचं, साडी विणून झाली की त्याच्याकडे जायची आणि साडीमागे मजुरी मिळायची. आई आणि आम्ही बहिणी मागासाठी सूत गुंडाळून कांड्या भरायचो. त्या खडखडाटात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे मी सा लावत असे. वीज गेली की मला बरं वाटायचं, कारण आपला आवाज आपल्याला ऐकू येईल अशी शांतता तेवढीच. पण वीज गेली की मजुरीही गेली. अप्पांच्या तोंडाकडे बघवत नसे.

शहरातल्या एका गुरुजींकडे अप्पा मला घेऊन गेले होते. गुरुजींनी आवाज ऐकायच्या आधी विचारलं, घरात कुणी गाणारं आहे का? नाही म्हटल्यावर फी सांगितली. ती ऐकून अप्पांनी चप्पल पायात घातली. गाणं राहिलं बाजूला. पुढे खानापूर तालुक्यातल्या शाळेत नोकरी लागली तेव्हा स्वतःच्या पगारातून शिकवणी लावली. गाण्याची विशारद परीक्षा पास झाले तोवर माझ्या हाताखाली पहिलीत बसलेली पोरं कॉलेजात गेली होती. रेडिओची ऑडिशन दिली, उतरले नाही. परत दिली, परत तेच. आजही शाळेच्या आधी रियाज असतो, आणि बोलावणं म्हणाल तर गणपतीतलं. आता तुम्हीच सांगा, पोट कुणाचं भरलं होतं?

धाकटीने सातवीनंतर शाळा सोडून कांड्या धरल्या त्या तिच्या मर्जीने. तिला अभ्यासाची आवड नव्हती, असं आईच सांगायची. ‘झळ दुसऱ्याला बसते’ हे वाचून आमच्या ओळखीतल्या कुणी भलता अर्थ काढू नये म्हणून लिहिलं. घरातली गोष्ट आहे, तिचा इथे संबंध नाही.

आता कुमारांचं. बेळगावजवळच्या सुलेभावीला १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकली हा मुलगा लहान वयातच ‘कुमार गंधर्व’ झाला, हे मी लेखातच लिहिलं होतं. तुम्ही तेवढंच उचलून मला परत सांगताय. माझा मुद्दा त्यांच्या दुसऱ्या सुरुवातीचा होता. १९४८ च्या सुमारास क्षय घेऊन ते माळव्यातल्या देवासला गेले. वर्षानुवर्षं खाटेवर, गाण्याला बंदी, शुश्रूषेला पत्नी भानुमतीबाई. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध मिळालं म्हणून जगले, हे मान्य. मी कुठे नाही म्हणते? पण बरे झाले तेव्हा एक फुफ्फुस जवळपास निकामी होतं. पूर्वीसारखा लांब दम पुरेना. मग त्यांनी दम पुरेल तेवढ्यात मावणारं, तुकड्या-तुकड्याने झेप घेणारं गाणं घडवलं. खाटेवरून कानावर पडलेल्या माळव्यातल्या लोकधुनांतून नवे राग बांधले, त्यांना ते ‘धुनउगम’ म्हणत. हे कुठल्या इंजेक्शनात येतं? त्या औषधाने बरे झालेले आपल्या जिल्ह्यातही पुष्कळ असतील. ते बरे होऊन कामाला लागले, आणि त्यात वाईट काही नाही.

बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मालप्रभा जाधवबद्दल मात्र तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. शेतकऱ्याची मुलगी, २०१८ च्या जकार्तातल्या आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात ५२ किलो गटात कांस्यपदक. तिथे औषध सापडलं नाही वाटतं!

हरलेल्यांची यादी तुम्ही मागितली आहे. तो वेगळा विषय, लिहीन कधीतरी. त्या यादीत माझं नाव घालायचा बेत असेल तर जरा थांबा, मी अजून गातेय.

बाकी लेख लांबला असं आणखी दोन वाचकांनीही कळवलं आहे, तर ते धरून चालते. पुढचा आटोपशीर लिहीन. तुम्हाला पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त खरं नाव लावून. रविवारी माझ्याकडे पोरी गाणं शिकायला येतात, त्या दिवशी उत्तर मिळणार नाही.